पिशवीवाली अक्काताई

अक्काताई मधाळेच्या नावातच दोन बहिणी आहेत, एक अक्का आणि एक ताई. त्यामुळे निपाणीच्या भीमनगरात तिला हाक मारताना आणखी कुठलं नातं जोडायची गरज पडत नाही. सासूच्या वयाच्या बायका तिला अक्काताई म्हणतात आणि शाळेला निघालेली पोरंही अक्काताईच म्हणतात. पण गल्लीनं या नावापुढं एक पदवी लावली आहे, पिशवीवाली. परगावच्या माणसाला वाटतं, बाई बाजारात पिशव्या विकत असेल. विकल्या असत्या तरी त्यात काय वाईट होतं म्हणा! पण तसं नाही. ही पदवी तिला आधी चिडवायला म्हणून मिळाली, आणि आता कुणी नुसतं अक्काताई म्हटलं तर तीच थांबून विचारते, "पिशवीवाली म्हणायला तोंड दुखतंय व्हय रं?"

अक्काताई आशा कार्यकर्ती आहे. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचं, बाळांच्या लसी चुकू द्यायच्या नाहीत, कुणाचा ताप उतरत नसेल तर रक्त तपासून घ्यायचं, ही तिची कामं. अंगानं बुटकी, चालायला झपाझप, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बोलायला लागली की समोरच्याला मधे शिरायला फट म्हणून सापडत नाही. अशी ही बाई एका शब्दापाशी अडून बसली होती, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

भीमनगर ही बौद्धांची वस्ती. इथल्या म्हाताऱ्यांनी जन्मभर तंबाखूच्या वखारीत धुरळा खाल्ला, विड्या वळल्या, आणि पोरं शिकवली. आता इथली मुलं बँकेत आहेत, शाळेत मास्तर आहेत, एकजण तर बेळगावात वकिली करतो. दारात गाड्या आल्या, घरावर स्लॅब पडले. पण बाईच्या पोटाखालचं दुखणं मात्र अजून पदराखालीच राहायचं. गर्भाशय हा शब्द पुस्तकात. बायकांच्या बोलण्यात ती पिशवी, आणि तीही आवाज खाली आणून, इकडंतिकडं बघून. "तिची पिशवी खाली आली," "हिची पिशवी काढली," यापलीकडं कुणी बोलत नसे. ज्या बाया गेल्या त्या "पोटाच्या दुखण्यानं" गेल्या. पोटात नेमकं काय होतं ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

मग एका वर्षी चिकोडीला आशांचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या डॉक्टरबाई कन्नड बोलणाऱ्या. अक्काताईचं कन्नड बाजारापुरतं, 'एष्टु' म्हणजे किती आणि 'साकु' म्हणजे पुरे, यांच्या मधलं. डॉक्टरबाई सारख्या "गर्भकोशद बायी, गर्भकोशद बायी" म्हणत होत्या, आणि अक्काताईला वाटलं, ही कोण बाई, हिला काय झालंय? शेजारी बसलेल्या संकेश्वरच्या आशा कार्यकर्तीनं कोपरानं ढोसून सांगितलं, की बायी म्हणजे तोंड. पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो, तो आधी कळला तर बाई वाचते, आणि तो कळायला साधी तपासणी आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं तर शामू म्हणाला, कन्नड भाषा लई खरी, तोंडालाच बाई म्हणते. त्यावर त्याला काय ऐकावं लागलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

शामूची रिक्षा आहे आणि रिक्षावर भोंगा आहे. जयंती असो, निवडणूक असो, पाणी येणार नसो, भीमनगरात पुकारा शामूचाच. बेळगावहून तपासणीची गाडी येणार ठरलं, तेव्हा अक्काताईनं पुकाऱ्याचं काम त्याच्यावरच सोपवलं. खरं तर ते तिनं स्वतः करायला हवं होतं. बाकी कशालाही न लाजणारी ही बाई भोंग्यावर तो शब्द म्हणायला लाजली. गल्लीत सासरा बसलेला, दीर बसलेले, आणि आपण ओरडून पिशवी म्हणायचं? तिनं शामूकडून वाक्य पाठ करून घेतलं, "बायकांच्या पिशवीच्या तोंडाची मोफत तपासणी, शाळेत, सोमवारी." शामूनं मान डोलावली आणि रिक्षा काढली.

आता शामूही त्याच गल्लीत वाढलेला. कोपऱ्यावर मावशा बसलेल्या, आत्त्या बसलेल्या. भोंगा तोंडाशी धरला आणि पिशवी त्याच्या घशातच राहिली. भीमनगरानं जे ऐकलं ते असं होतं: "बायकांच्या तोंडाची मोफत तपासणी! समद्यांनी या!"

आणि बाया आल्या की! शाळेचं पटांगण भरून गेलं. अक्काताईचा ऊर भरून आला. तिला काय ठाऊक, की तोंड तपासणार म्हणून निम्म्या बायांनी सकाळपासून मिसरी लावली नव्हती, खसाखसा दात घासले होते, आणि मिसरीवाचून त्यांची डोकी उठली होती. पहिला नंबर गल्लीतल्या म्हाताऱ्या मालुबाईचा. ती आत गेली, खुर्चीत बसली आणि गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरबाईंपुढं तिनं एवढा मोठा आ केला. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, आजी, तिकडं टेबलावर झोपा, साडी सैल करा. मालुबाईनं मिटलेलं तोंड पुन्हा उघडलं ते पटांगणात येऊन. तोंड बघतो म्हणून बोलवायचं आणि लुगडं सोडायला लावायचं, ही कसली तपासणी, म्हणून तिनं जो कालवा केला, तो ऐकून पटांगण बघता बघता रिकामं झालं. चहाची किटली तेवढी भरलेली राहिली.

संध्याकाळपर्यंत गोष्टीला पाय फुटले. अक्काताई बायकांच्या पिशव्या काढून द्यायला गाडी घेऊन आली होती, असं वरच्या गल्लीत म्हणत होते. खालच्या गल्लीत तर त्या पिशव्यांचं पुढं काय करतात, इथवर मजल गेली. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली की बाया विचारायच्या, "काय गं पिशवीवाली, आज कापडाची का प्लास्टिकची?" अक्काताई घरी येऊन शामूवर ओरडली, मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. शामू बिचारा दाराशी उभा राहून म्हणत होता, की तू तरी म्हणाली असतीस का? तिलाही ते म्हणता आलं नसतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते गंगव्वाचं बोलणं. गंगव्वा म्हणजे भीमनगरच्या विहाराचा आवाज. रविवारी वंदना तीच सांगायची, आणि ती 'बुद्धं सरणं' म्हणाली की कडेवरचं पोरही गप्प व्हायचं. वखारीत अक्काताईच्या आईच्या शेजारी बसून तिनं आयुष्य काढलं, पोराला, यशपालला, शिकवून बेळगावच्या बँकेत साहेब केलं. कुणाच्या अंगात यायला लागलं की तिला कानाला धरून दवाखान्यात नेणारी ती. बौद्ध झाल्यावर तिच्या बापानं सौंदत्तीच्या यल्लम्माची परडी, देवीच्या नावानं घरात पुजलेली टोपली, वेदगंगेत सोडली तेव्हा ती परकरातली पोर होती आणि नदीच्या काठावर उभी होती. ती गोष्ट ती दर जयंतीला सांगायची. अक्काताई लहानपणापासून तिला मावशी म्हणायची, आणि मोठेपणी असं व्हावं तर गंगव्वा मावशीसारखं, हे तिच्या मनात पक्कं होतं.

त्याच गंगव्वानं वंदनेनंतर सगळ्यांदेखत तिला उभं केलं. आमच्या आयांनी अब्रूसाठी धर्म बदलला, आणि तू बायकांना फसवून टेबलावर झोपवतीस, असं म्हणाली. अक्काताईनं सांगायचा प्रयत्न केला, पण गंगव्वानं हात वर केला आणि विषय संपला. गंगव्वा नाही म्हणाली, म्हणजे भीमनगर नाही म्हणालं. पुढची गाडी आली ती आली तशी परत गेली.

इथं विहारातला एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. भीमनगरच्या बाया वंदनेला पांढरी साडी नेसून येतात. पूर्वी ज्यांना महिन्याची अडचण असायची त्या पांढऱ्याच्या भीतीनं घरीच बसायच्या. गंगव्वाला ते खपेना. तिनंच नियम केला, की अडचण असली तर रंगीत नेसा, मागं बसा, पण या. "बुद्धाला विटाळ न्हाय," असं ती ठणकावून सांगायची. तेव्हापासून मागच्या ओळीत चार-दोन रंगीत साड्या असायच्याच, आणि त्याचा अर्थ सगळ्या बायांना ठाऊक असायचा. बोलत कुणी नसे. गंगव्वा स्वतः सगळ्यांत पुढं, नीळ दिलेली, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून. तिचं ते सगळं थांबून कैक वर्षं झाली होती.

अन् एका रविवारी गंगव्वा चॉकलेटी साडी नेसून आली.

पांढरी वाळली नव्हती म्हणाली. वाळली नसेल, पावसाळी हवा होती. पुढच्या रविवारी पुन्हा तीच चॉकलेटी. आता म्हणे पांढरीला उंदरानं कुरतडलं. अक्काताईनं मनात म्हटलं, उंदराला बरी तेवढीच साडी दिसली. वंदना सांगायला गंगव्वा पुढं बसली खरी, पण खाली जाड बस्कर घालून, आणि वंदना संपल्यावर सगळे उठून जाईस्तोवर ती जागची हलली नाही. मग तिनं वंदना दुसरीला सांगायला लावली आणि आपण मागच्या ओळीत जाऊन बसली. मग गुडघे दुखतात म्हणून यायचीच बंद झाली.

बाकीच्या बायांनी गुडघे खरे मानले. अक्काताईला मात्र ते पटले नाहीत. पांढरं कधी चुकवायचं हे कुठल्या बाईला शिकवावं लागत नाही. पण पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईनं पांढरं का चुकवावं? चिकोडीला डॉक्टरबाईंनी बोट वर करून सांगितलेलं तिला आठवलं, की पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं तर एक दिवस थांबायचं नाही. इथं पावसाळा सरत आला होता.

गंगव्वाच्या घरी जायला अक्काताईचा पाय उचलेना. जिनं चारचौघांत तोंड बंद केलं तिच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं? आणि आपलं चुकलं तर? सरळ अंगावरची गोष्ट आहे, मावशी पुन्हा दारात उभी करणार नाही. पण चुकलं नसेल तर मावशीच राहणार नाही, हेही तिला दिसत होतं. शेवटी एका दुपारी, शेजारपाजारच्या बाया विड्या द्यायला गेलेल्या बघून, ती गेली.

गंगव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. यशपालनं किती वेळा सांगितलं, आई आता पुरे कर, पण हातांना सवय. तिनं अक्काताईला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. अक्काताईनं गुडघ्यांची चौकशी केली, तेल सुचवलं, हवेचं बोलली. गंगव्वा हुं हुं करत राहिली. मग अक्काताईचा धीर सुटला का धीर आला, कुणास ठाऊक, ती एकदम म्हणाली, "मावशी, बुद्धाला विटाळ न्हाय, असं तूच सांगितलंस. मग मला सांगाय काय हरकत हाय? पांढरी साडी किती दिस झाले नेसली न्हाईस तू?"

गंगव्वाचे हात थांबले. वळलेली विडी तिच्या बोटांत तशीच राहिली. तिनं आधी दाराकडं बघितलं, मग अक्काताईकडं. अक्काताईला वाटलं, आता सूप अंगावर येणार. पण गंगव्वा एवढंच म्हणाली, दार लोटून घे.

मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यापासून जात होतं. आधी थेंबभर, मग कापड घ्यावं लागेल इतकं. कंबर धरायची. या वयात असलं सांगायचं कुणाला? पोराला? सुनेला? सोनम गुणाची आहे, पण सून ती सून. आणि त्याहून मोठं एक होतं, ते सांगताना गंगव्वाचा वंदनेचा आवाज पार बसला. "अक्के, रातच्याला पडून ऱ्हायले की परडी दिसती, पाण्यात जाताना. जन्मभर म्या बायांना सांगितलं, कोप-बिप काय नसतंय. आन् आता माझ्याच मनात येतंय, कोपली असंल. हे कुणाला कळलं तर काय ऱ्हाईल गं माझं?"

अक्काताईला हसू आलं नाही आणि राग तर मुळीच आला नाही. एवढी वाघीण बाई, एवढे महिने रक्त सांडत एकटी बसली होती, आणि वर सगळ्यांना हिंमत देत होती. ती सरकून गंगव्वाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि म्हणाली, की मावशी, तुझ्या शेजारच्या गल्लीतल्या, परडी घरात ठेवलेल्या बायांनाबी हेच दुखणं झालंय. त्यांच्यावर कोण कोपलं? हा आजार आहे, त्याला नाव आहे, आणि लवकर गाठला तर त्याला औषध आहे. गंगव्वानं सूप बाजूला ठेवलं. मग तिच्यातली जुनी गंगव्वा जागी झाली आणि तिनं नेमकं बोट ठेवलं.

"तू झोपलीस का गं त्या टेबलावर?"

दारोदार फिरून बायांना तपासणी करा म्हणणाऱ्या बाईनं स्वतः केली नव्हती. आज गाडीचं काम, उद्या लसीचं, परवा पोराची परीक्षा, अशी कारणं होती. पण खरं कारण तेच होतं, जे मालुबाईचं होतं. लाज आणि भीती. तिनं कबूल केलं, नाही केली. गंगव्वा म्हणाली, मग आधी तू, मग मी. आणि निपाणीत नाही, बेळगावला. आणि कुणाला कळता कामा नये.

घरी सांगितलं, बेळगावच्या शहापूरला साडी घ्यायला जातोय. शहापुरात मागाच्या साड्या मिळतात, त्यात संशयाला जागा नाही. बसमधे गंगव्वा कंडक्टरलासुद्धा न विचारता सांगत होती, साडी घ्यायला चाललोय. अक्काताई म्हणाली, मावशी, त्यानं तिकीट कुठलं एवढंच विचारलंय. वंटमुरीचा घाट चढेपर्यंत दोघी हसत होत्या, आणि घाट उतरल्यावर काकती येईपर्यंत एकही बोलली नाही.

दवाखान्यात ठरल्याप्रमाणं आधी अक्काताई आत गेली. टेबलावर ती आडवी झाली. छताकडं बघत तिनं मनातल्या मनात त्रिसरण म्हणायला सुरुवात केली, आणि पंचशीलाच्या अर्ध्यावर तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, झालं, उठा. एवढंच? एवढ्यासाठी बायांनी पटांगण रिकामं केलं होतं? ती बाहेर आली ती हसतच, आणि गंगव्वाला म्हणाली, "मावशी, दात काढाय गेल्यावर याच्यापेक्षा जास्त दुखतंय. जा." गंगव्वानं पदर खोचला, चप्पल काढली, आणि विहारात पाऊल टाकावं तशी आत गेली. तिला मात्र जास्त वेळ लागला. डॉक्टरबाईंनी एक बारीक तुकडा तपासायला घेतला, आणि बाहेर येऊन अक्काताईशी बोलताना त्या हसल्या नाहीत.

परतीच्या आधी गंगव्वा म्हणाली, साडी घ्यायला आलोय म्हणून सांगितलंय, रिकाम्या हातानं गेलो तर खोटं पडंल. शहापुरातल्या बोळात एका दुकानात तिनं कितीतरी साड्या उलगडायला लावल्या. हिरवी बघितली, जांभळी बघितली. शेवटी तिनं पांढरी काढायला सांगितली, बारीक निळ्या काठाची. दुकानदारानं घडी घालून दिली. गंगव्वा ती छातीशी धरून म्हणाली, की नेसायला मिळंल का नाही ते आता बघू. अक्काताईला तेव्हा रडू आवरलं नाही, आणि दुकानदाराला वाटलं, बाईला साडी आवडली नाही.

अक्काताईचं सगळं नीट निघालं. मग गंगव्वाच्या तुकड्याचा निकाल आला. कॅन्सर होता. पण पसरला नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी वर्ष काढलं असतं तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. यशपालला सांगायचं काम गंगव्वानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पोराला समोर बसवलं आणि विडीचा हिशेब सांगावा तशा आवाजात सगळं सांगितलं. तो एवढा बँकेतला साहेब, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. सोनमनं त्याच दिवशी सासूचं अंथरूण बेळगावच्या आपल्या खोलीशेजारी घातलं, आणि आत्ती, मला आधी का सांगितलं नाही, म्हणून वर भांडलीसुद्धा. गंगव्वाला ते भांडण लई गोड लागलं.

मग किरणांचा उपचार सुरू झाला, बाया त्याला शेक घेणं म्हणतात. सोपं नव्हतं ते. अन्न जाईना, पोट बिघडलं, धिप्पाड बाई निम्मी झाली. अक्काताई जमेल तेव्हा बस धरून जायची, निपाणीच्या गोष्टी सांगायची, कुणाच्या घरी काय शिजलं ते सांगायची. भीमनगरात मात्र तिनं ब्र काढला नाही. गंगव्वा कुठं गेली म्हणून विचारलं की पोराकडं, एवढंच. बाया अजून कापडाची का प्लास्टिकची विचारत होत्या, आणि तिच्या जिभेवर आलेलं उत्तर ती गिळत होती. अक्काताईला ओळखणाऱ्यांना विचारा, बोलणं गिळायला तिला केवढं बळ लागलं असेल.

वैशाख आला. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता काही दिसत नाही, तपासायला मात्र येत राहायचं. बुद्ध पौर्णिमेला भीमनगरचं विहार दिव्यांनी लखलखलं, खिरीचं पातेलं चढलं, उजव्या बाजूला पुरुष आणि डाव्या बाजूला बाया, मुंगीला शिरायला वाट नाही. पुढच्या सोमवारी तपासणीची गाडी पुन्हा येणार होती. शामू म्हणाला, यावेळी नीट सांगतो. अक्काताई म्हणाली, तू गप बस. वंदना झाल्यावर ती स्वतः माईकपाशी गेली. समोर सासरा होता, दीर होते. तिनं एक दम घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सोमवारी शाळेत बायकांच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी हाय. पिशवीच्या. नीट ऐकलं न्हवं?"

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. बायांनी पदर तोंडाला लावले. अक्काताई माईक धरून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात मागच्या दारातून गंगव्वा आली. निळ्या काठाची पांढरी साडी, शहापूरची. अंगावर मांस उरलं नव्हतं, यशपालच्या हाताचा आधार होता, पण साडीला नीळ होती आणि इस्त्री कडक होती. बायांनी आपसूक वाट करून दिली. माईकपाशी आल्यावर तिनं यशपालचा हात सोडला, अक्काताईच्या हातातला माईक घेतला, आणि तोच जुना वंदनेचा आवाज विहारात घुमला.

"जयभीम. म्या गंगव्वा. माझ्या पिशवीच्या तोंडाला कॅन्सर झालता. म्या लपवला. लाजंनं मेले असते, आन् तुम्ही म्हणाला असता, पोटाच्या दुखण्यानं गेली. ह्या पोरीला म्या ह्याच जाग्यावर उभी करून बोलले हुते. तिनं मला मरू दिली न्हाय." मग ती पुरुषांच्या बाजूला वळली. "आन् तुमी खाली काय बघताय रं? समदे त्याच तोंडातनं ह्या जगात आलायसा. मी बी आले, तुमी बी आला. त्याची लाज वाटती व्हय?"

मग पुरुषांच्या ओळीतून म्हातारे परशराम आप्पा, जे मघाशी हसले होते तेच, हात जोडून म्हणाले, साधू. वंदनेनंतर म्हणतात तसं. त्यांच्यामागून दुसरा म्हणाला, मग सगळ्या बाया म्हणाल्या, आणि तिसऱ्या 'साधू'ला विहाराचे पत्रे हादरले. अक्काताई ढसाढसा रडत होती आणि रडतारडता शामूकडं बघून हातानं खुणावत होती, बघितलंस?

सोमवारी शामूनं भोंग्यावरून पूर्ण वाक्य म्हटलं, एकही शब्द न गिळता, आणि कोपऱ्यावरच्या मावशांपाशी रिक्षा मुद्दाम हळू केली. शाळेच्या दारात खुर्ची टाकून गंगव्वा बसली होती, पांढऱ्या साडीत. रांगेत पहिली मालुबाई. यावेळी तिनं सकाळीच पोटभर मिसरी लावली होती, आणि आत जाण्याआधी काळे दात दाखवून तिनं विचारलं, "पिशवीवाली, ह्या तोंडाचं काय काम न्हाय न्हवं आज?"

"न्हाय मावशी," अक्काताई म्हणाली, "त्या तोंडानं फक्त बाहेर जाऊन समद्यांना सांग." आणि तिनं मालुबाईसाठी पडदा बाजूला धरला.